लाल मुठीमागचा कार्ल

ट्रेकला जाणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये एकाच्या तरी सॅकमध्ये लाल मुठीचा तो छोटा चाकू असतोच. पांढरा क्रॉस, आत दडलेली दोन पाती, ओपनर, बूच काढायचा स्क्रू. अलीकडे अनेक जण ती लाल मूठ काढून लाकडाची किंवा मायकार्टाची बसवतात, आतल्या पट्ट्याही निळ्या-केशरी करून घेतात. पण हा चाकू ज्याच्या डोक्यातून आला, तो कार्ल एल्सनर मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

कार्लचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० चा, स्वित्झर्लंडमधला. वडील बाल्थाझार यांचा त्सूग गावात टोप्या बनवायचा धंदा. पोरानं तोच पुढे चालवावा, ही त्या काळची रीत. कार्लला मात्र टोप्यांपेक्षा पोलादाची ओढ. तो चाकू-सुऱ्या बनवायला शिकला, मग हात पक्का करायला बाहेर पडला. पॅरिसमध्ये काम केलं, जर्मनीतल्या टुटलिंगेनमध्येही केलं. १८८४ साली तो परत आला आणि श्वीत्सजवळच्या ईबाखमध्ये ओढ्याकाठी स्वतःचं वर्कशॉप थाटलं. धार लावायचं यंत्र पाणचक्कीवर फिरायचं. तेव्हा त्याचं वय होतं २३. म्हणजे आपल्याकडे पोस्ट ग्रॅज्युएशन नुकतं संपतं, ते वय!

स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, वस्तरे, डॉक्टरांची शस्त्रं असा त्याचा माल. तो विकायला आई व्हिक्टोरिया मदत करायची. श्रीमंत स्वित्झर्लंड आज आपल्याला माहीत आहे, पण तेव्हा त्या भागात कामधंदा कमी होता. लोक पोट भरायला देश सोडून चालले होते. गावातच रोजगार उभा राहावा, असं कार्लच्या मनात होतं.

संधी आली ती सैन्याकडून. स्विस सैनिकांना नवी रायफल मिळाली होती. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, आणि डबाबंद जेवणासाठी ओपनर. दोन्ही एकाच घडीच्या चाकूत हवं, असं ठरलं. पण देशात एवढे चाकू बनवायची कुणाची ताकदच नव्हती, म्हणून पहिली ऑर्डर गेली जर्मनीतल्या झोलिंगेनला. आपल्या सैनिकाच्या खिशातला चाकू परदेशातून यावा, हे कार्लला पटेना. त्यानं देशातल्या कारागिरांना एकत्र करून संघटना उभी केली, आणि १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू दिले. पातं, स्क्रूड्रायव्हर, ओपनर, भोक पाडायचा टोच्या आणि बाहेरून गडद ओक लाकडाची मूठ. वजनदार, पण दणकट.

इथंच गणित फसलं. झोलिंगेनमध्ये कारखाने होते, यंत्रं होती. तोच चाकू ते कमी किमतीत द्यायचे. तोटा दिसताच कार्लचे सोबती एकेक करून बाजूला झाले. कार्ल थांबला नाही. साठवलेले पैसे संपले, डोक्यावर कर्ज चढलं, दिवाळं निघायची वेळ आली. नातेवाईक पाठीशी उभे राहिले म्हणून वर्कशॉप तगलं.

आणि याच कडकीच्या वर्षांत त्याला त्याची सगळ्यात भारी आयडिया सुचली. सैनिकाचा चाकू जड होता. अधिकाऱ्यांसाठी हलका आणि देखणा चाकू करायचा, तर हत्यारं वाढवायची आणि वजन घटवायचं! कार्लनं पाठीच्या स्प्रिंगचा दोन्ही बाजूंनी उपयोग करून घेतला. समोर पाती आणि ओपनर, मागे टोच्या आणि बूच काढायचा स्क्रू. सहा हत्यारं, पण स्प्रिंग फक्त दोन. १२ जून १८९७ रोजी या डिझाइनची नोंदणी झाली. गंमत म्हणजे सैन्यानं हा चाकू अधिकृतपणे कधी वाटलाच नाही. अधिकारी स्वतःच्या पैशानं तो घ्यायचे. तोच चालला, आणि कार्ल कर्जातून वर आला.

१९०९ मध्ये आई गेली. कार्लनं तिचंच नाव मालाला दिलं, व्हिक्टोरिया. ढालीतल्या क्रॉसचं चिन्हही त्याच वर्षीचं. २६ डिसेंबर १९१८ रोजी कार्ल वारला. पुढे १९२१ मध्ये गंज न धरणारं पोलाद वापरात आलं, त्याचं फ्रेंच नाव इनॉक्स. दोन्ही शब्द जोडून झालं व्हिक्टोरिनॉक्स.

आता कस्टमायझेशनकडे वळू. मुठीच्या बाहेरच्या दोन पट्ट्या म्हणजे स्केल्स. प्लास्टिकच्या स्केलला आतून खाचा असतात, त्या पितळी रिव्हेटच्या टोकांवर दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे कोमट पाण्यात ठेवून, पातळ पट्टीनं हळूहळू उचकटल्या की त्या निघतात आणि नव्या बसवता येतात. फक्त पाती मिटलेली ठेवा, घाई करू नका. रंगीत लाइनरचं काम मात्र वेगळं. लाइनर म्हणजे हत्यारांच्या थरांमधले अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे. ते अॅनोडाइज करून रंगवतात, पण त्यासाठी रिव्हेट काढून अख्खा चाकू सुटा करावा लागतो, नंतर नवे पितळी रॉड ठोकून तो पुन्हा जुळवावा लागतो. रॉड जास्त ठोकला तर पातं उघडत नाही, कमी ठोकला तर खुळखुळतं. हे शिकायचं तर आधी जुन्या, स्वस्त चाकूवर.

स्पार्टन हे मॉडेल कार्लच्या १८९७ च्या चाकूचं जवळचं नातलग. ते हाताशी असेल, तर स्केल काढल्यावर लगेच नवी बसवू नका. आधी पाठीकडच्या स्प्रिंग मोजा. दोनच भरतील.