अबोला न धरणारा भक्त : रेव्हरंड नारायण वामन टिळक

गांवांत तट पडले म्हणजे पहिल्यानें बंद पडतें तें बोलणें. निवडणुकीच्या दिवसांत एका आळीचा मनुष्य दुसऱ्या आळीच्या पारावर बसेनासा होतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांचें येणेंजाणें, तीं घरें एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाऊं लागतात. आरंभीं वाद असतो. पुढें वादहि उरत नाहीं, केवळ अबोला उरतो. अबोल्यांत वाढलेला संशय हा वादापेक्षां वाईट, कारण त्याला उत्तर देण्याची संधि कोणासच मिळत नाहीं. अकलूजच्या आसपासच्या आमच्या वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको. अशा काळीं ख्रिस्ती मनुष्यानें कसें वागावें, हें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखें आहे. त्यांचीं गीतें आपण उपासनेंत नित्य गातों. परंतु ते माणसांशीं कसे बोलत, इकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. नाशिकास त्यांनीं संस्कृत विद्या संपादन केली. १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. पुढील कित्येक वर्षें त्यांचें बिऱ्हाड एका ठिकाणीं असें कधीं स्थिरावलें नाहीं. आज या गांवीं शिक्षक, उद्यां त्या गांवीं पुराणिक, असें तें आयुष्य होतें. नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास असतां त्यांनीं ग्रंथसंशोधन केलें. आपल्या देशाची उन्नति कशी होईल आणि तीस आधार देणारा धर्म कोणता, हा एकच प्रश्न त्यांच्या मनांत सदा घोळत असे.

या प्रश्नाचें उत्तर त्यांना सभेंत मिळालें नाहीं, वादविवादांतहि मिळालें नाहीं. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एक युरोपियन गृहस्थ त्यांना भेटले. तो काळ कसा होता तें ध्यानांत घ्यावें. गोरा मनुष्य राज्यकर्ता, आपला मनुष्य प्रजा; दोघे एका डब्यांत बसले तरी बहुधा परस्परांकडे पाठ करून बसावयाचे. परंतु या गृहस्थांनीं आरंभ केला तो संस्कृत काव्यापासून. ज्या विषयावर टिळकांचें जीवापाड प्रेम, त्याच विषयावर त्यांना बोलतें केलें व आपण आदरानें ऐकलें. धर्माची गोष्ट निघाली ती मागाहून. उतरण्यापूर्वीं त्यांनीं टिळकांस नव्या कराराचें एक पुस्तक दिलें, तें वाचण्याचें वचन घेतलें, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत करून ते निघून गेले. पुन्हां त्यांची भेट झाली नाहीं. टिळकांनीं वचनाखातर वाचावयास घेतलें. आरंभीं गोडी लागेना; परंतु डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर पुस्तक खालीं ठेववेना. उपदेशक बंधूंनीं येथें विचार करावा : त्या गृहस्थांनीं पुस्तक देण्याआधीं कान दिला होता.

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच दिवशीं त्यांचें घर दुभंगलें. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आप्तांच्या आश्रयास गेल्या. त्यांतील कांहीं काळ त्यांनीं आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपुरास, काढला. लोकांच्या दृष्टीनें त्यांचा पति जिवंत असून नसल्यासारखा झाला होता. त्या दुःखाची कल्पना आपल्यांतील पुष्कळांस येईल, कारण बाप्तिस्म्यापायीं घरादारास मुकलेलीं माणसें आपल्या मंडळ्यांतहि आहेत.

टिळकांनीं काय केलें? त्यांनीं अबोला धरला नाहीं. पत्रें पाठविलीं, कविता पाठविल्या. तिकडूनहि उत्तरें आलीं, आणि दुःखानें लक्ष्मीबाईंच्या मुखांतूनहि पदें निघूं लागलीं. कागदावरचें हें बोलणें कधीं रागाचें, कधीं रडण्याचें असे. पण तें सुरू होतें. अखेर लक्ष्मीबाई नगरास आल्या, तरी सोवळें सोडून आल्या नाहींत. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. टिळकांनीं त्यांच्यावर धर्माची सक्ति केली नाहीं. चुली दोन झाल्या, परंतु बोलणें एकच राहिलें. पाहतां पाहतां लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या बुद्धीनें जातिभेदाचा विचार केला, तो मनुष्यानें निर्माण केलेला आहे असें त्यांना दिसून आलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीकत त्यांनीं पुढें आपल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत इतक्या सरळ भाषेंत लिहिली आहे कीं, सर्व धर्मांचे मराठी वाचक तो ग्रंथ आजहि आवडीनें वाचतात.

याच ग्रंथावरून हेंहि कळतें कीं, टिळक स्वभावानें शांत नव्हते. त्यांना राग चटकन येई व क्षुल्लक कारणावरून घरांत वादळ उठे. पण राग ओसरला कीं ते पुन्हां जवळ येत. ज्याला राग येत नाहीं तोच समेट करूं शकतो असें नव्हे. जो रागानंतर परत फिरतो, तोहि करूं शकतो. आपल्यांतील तापट स्वभावाच्या बंधुभगिनींस हा मोठा दिलासा आहे.

घरांतील ही फूट मिटली, तों देशांत फूट वाढत चालली होती. १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली व स्वदेशीची चळवळ पसरली. १९०७ सालीं सुरतेस काँग्रेसमध्यें जहाल व मवाळ असे दोन पक्ष उघड फुटले. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेस नेण्यांत आलें. अशा दिवसांत ख्रिस्ती झालेला देशी मनुष्य म्हणजे साहेबाच्या बाजूचा, असा समज सहज होई. रेव्हरंड टिळकांनीं देशप्रेमाचीं गीतें लिहिलीं व ख्रिस्तप्रेमाचींहि लिहिलीं. एकासाठीं दुसरें लपविलें नाहीं. १९१२ पासून मरेपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन त्यांनीं केलें.

शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर त्याच्या ओळखीच्या भाषेंत बोलावें, हें त्यांनीं जाणलें होतें. म्हणून अभंग, भजन व कीर्तन यांना त्यांनीं ख्रिस्ती उपासनेंत स्थान दिलें. ज्या तुकारामबोवांची पालखी दर आषाढीच्या वारींत नीरा ओलांडून अकलूज येथें मुक्कामास येते, त्यांचें ऋण ते मोकळेपणानें मान्य करीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. जो मनुष्य आपल्या शेजाऱ्याच्या ठेव्याचा असा मान राखतो, त्याच्याशीं बोलावयास शेजारी कां भिईल?

याचें एक उदाहरण बालकवि त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचें. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत या कोवळ्या मुलाचे गुण टिळकांच्या नजरेस आले. पुढें त्याला त्यांनीं नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें, व लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. टिळकांचें प्रेम जिंकण्यासाठीं त्या मुलाला धर्म बदलावा लागला नाहीं. १९१८ सालीं त्याचा अकालीं अंत झाला. तोंवर तो हिंदूच होता आणि टिळकांच्या घरचाहि होता.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व ते साताऱ्यास जाऊन राहिले. ‘देवाचा दरबार’ ही त्यांची शेवटची धडपड होय. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, असे ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व लोक एका बैठकीवर बसावेत, ही त्यांची इच्छा होती. ती पुरी होण्यास आयुष्य पुरलें नाहीं. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्या दोघांत एके काळीं पाण्याचाहि व्यवहार नव्हता, त्यांतील एकानें दुसऱ्याचें काम हातीं घेतलें. तुटूं न दिलेल्या बोलण्याचें यापेक्षां मोठें फळ कोणतें?

प्रिय वाचकहो, आपल्या प्रभूनेंहि हाच मार्ग दाखविला आहे. यहूदी व शमरोनी यांचा परस्परांशीं व्यवहार नव्हता. तरी याकोबाच्या विहिरीवर त्यानें शमरोनी स्त्रीशीं बोलण्यास आरंभ केला तो उपदेशानें नव्हे. त्यानें तिच्याजवळ प्यावयास पाणी मागितलें. योहानकृत शुभवर्तमानाचा ४ था अध्याय या दृष्टीनें पुन्हां वाचावा. मागणारा लहान होतो, आणि लहान झालेल्या माणसाशीं भांडण करणें कठीण जातें.

म्हणून ज्याचें मत आपल्या मताविरुद्ध पडलें, त्याच्या दारावरून जातांना थांबावें. त्याच्या उसाला पाणी मिळालें काय, म्हैस व्याली काय, मुलीच्या परीक्षेचें काय झालें, हें विचारावें. गरज असेल तर त्याच्याकडून खुरपें किंवा दोरखंड उसनें मागावें. वारीच्या दिवसांत दारीं आलेल्या वारकऱ्यास पाणी द्यावें व तो कोणत्या गांवचा तें पुसावें. यांत आपलें मत सोडावें लागत नाहीं, आणि आपला विश्वास तर मुळींच नाहीं. टिळकांनीं दोहोंपैकीं कांहींच सोडलें नव्हतें. बोलण्यानें प्रत्येक तंटा मिटेल असें नाहीं. परंतु ज्या घरांत व ज्या गांवांत बोलणें शिल्लक आहे, तेथें समेटाला यावयास वाट शिल्लक आहे. ती वाट काट्यांनीं भरूं न देणें हें आपणांपैकीं प्रत्येकाच्या हातीं आहे.