सर्पगंधेची कसोटी

प्राचीन वैद्यकाचा अभिमान बाळगणे सोपे. त्याची कसोटी घेणे कष्टाचे. ते कष्ट ज्यांनी उपसले, त्यांत मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांचे स्थान फार वरचे आहे.

लंडनमध्ये शिक्षण पुरे करून ते मुंबईस परतले, त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते. सर्पगंधेची मुळी मात्र वैद्यांच्या परिचयाची होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील तिचा उपयोग प्रसिद्धही केला होता. डॉ. वकिलांनी ऐकीव कीर्तीवर विसंबून न राहता ती वर्षानुवर्षे रुग्णांना देऊन पाहिली, दाब मोजला, टिपून ठेवला. पन्नास रुग्णांच्या नोंदींवरील त्यांचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातील रिसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

या औषधाने पुढे मेंदूचेही एक दार उघडले. दोन चेतापेशींमध्ये सूक्ष्म फट असते. अलीकडची पेशी इवल्या पिशव्यांतून रसायन सोडते. पलीकडे, नेमके समोर, ते झेलणारे ग्राही असतात. रिसर्पिनमुळे काही रसायनांच्या पिशव्या भरतच नाहीत. ग्राही जागेवर, पण निरोप येत नाही. दाब उतरतो, मन शांत होते. क्वचित खिन्नताही आल्याच्या नोंदी झाल्या. रिसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा देताच हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले. त्यातून डोपामिनचे महत्त्व कळले व २००० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. ग्राही खिळ्याने ठोकलेले नसून पेशीच्या पटलावर सरकतात आणि विशिष्ट प्रथिने त्यांना समोरासमोर धरून ठेवतात, हे त्याहून नंतरचे ज्ञान.

मुळी आपली, रुग्णशय्येजवळची नोंदही आपली. उलगडा मात्र बव्हंशी परदेशी प्रयोगशाळांत झाला, याची खंत वाटलीच पाहिजे. परभणीस १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बियाणे शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ते शेतावर पारखून घ्यावे, हे तेथे कोणास पटवून द्यावे लागत नाही. बांधावरच्या औषधी वनस्पतींनाही तोच न्याय लावला पाहिजे. डॉ. वकिलांनी सर्पगंधेचे गुणगान केले नाही. तिला पारखले, म्हणूनच ती जगाला मान्य झाली.