फादर जेम्स डिक्सन : बेड्यांतून वेदीकडे

ऑस्ट्रेलियात वस्तीस आलेले पहिले कॅथलिक धर्मगुरू कैद्यांच्या जहाजांतून आले. त्यांपैकी फादर जेम्स डिक्सन यांचा जीवनवृत्तान्त आम्ही येथे देत आहोत.

त्यांचा जन्म १७५८ साली आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात झाला. परदेशी धर्मशिक्षण घेऊन ते क्रॉसाबेग येथे सहायक धर्मगुरू झाले. तेथील शेतकरी जमीनदारास खंड देई आणि वर, स्वतः कॅथलिक असूनही, प्रॉटेस्टंट चर्चला दशांश भरी. १७९८ साली हा असंतोष बंडाच्या रूपाने पेटला. फादरांचे एक नातलग थॉमस डिक्सन बंडखोरांचे म्होरके होते. फादरांनाही मृत्युदंड ठोठावण्यात आला. पुढे त्याऐवजी हद्दपारी झाली. आडनावाखेरीज त्यांचा फारसा दोष असावा, असे आम्हांस वाटत नाही.

१८०० साली ते सिडनीस पोहोचले. आयरिश कैद्यांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते. अखेर गव्हर्नर किंग यांनी परवानगी दिली आणि १५ मे १८०३ रोजी सिडनीत पहिली अधिकृत मिस्सा झाली. कैद्याने घडविलेला पत्र्याचा चषक आणि जुन्या पडद्यांतून शिवलेली मिस्सावस्त्रे तेथे वापरली गेली, असे परंपरा सांगते. अट मात्र कडक होती : जमलेल्यांनी राजद्रोहाचा शब्द काढू नये आणि त्यांच्या वर्तनाची जबाबदारी फादरांची.

ही जबाबदारी वर्षाच्या आतच अंगावर आली. ४ मार्च १८०४ रोजी कॅसल हिलच्या सरकारी शेतावरील कैद्यांनी उठाव केला. दुसऱ्या दिवशी सैन्य घेऊन निघालेल्या मेजर जॉन्स्टन यांनी फादरांना बंडखोरांकडे पाठविले. शस्त्रे खाली ठेवा, हे आपल्याच भाविकांना सांगणे त्यांच्या वाट्यास आले. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे बोलणी करावयास आलेल्या म्होरक्याला, फिलिप कनिंगहॅमला, मेजरांनी पिस्तूल रोखून पकडले आणि गोळीबार झाला. कनिंगहॅमला चौकशीविना फाशी देण्यात आली.

रक्तपात टळावा म्हणून फादर गेले होते. तरीही सरकारचा संशय कॅथलिकांवरच राहिला आणि मिस्सेची परवानगी रद्द झाली. त्याच वर्षी रोमने त्यांना न्यू हॉलंडचे प्रीफेक्ट अपॉस्टॉलिक नेमले होते, हा केवढा दैवदुर्विलास!

त्यानंतर ते खासगीरीत्या संस्कार देत राहिले. १८०८ साली प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी निघाले आणि क्रॉसाबेग येथेच १८४० साली निवर्तले. सिडनीच्या भाविकांना मात्र सरकारमान्य धर्मगुरूंसाठी १८२० पर्यंत थांबावे लागले. तोवर घरोघरी रोझरी चालू होती.