मेणबत्तीपासून हिस्टेरोस्कोपीपर्यंत : डॉ. फिलिप बोझिनी

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेले आणि डॉक्टरांनी ‘ऑफिस हिस्टेरोस्कोपी’ लिहून दिली, की तुमच्या मनात पहिला प्रश्न येतो : दुर्बीण आत घालायचीच कशाला? त्याचे उत्तर जर्मनीतल्या एका डॉक्टरांच्या आयुष्यात आहे.

फिलिप बोझिनी यांचा जन्म 1773 चा, माइन्झ शहरातला. वडील इटलीहून आलेले व्यापारी. फिलिप डॉक्टर झाले आणि पुढे फ्रँकफुर्टला स्थायिक झाले. त्या काळी शरीराच्या आतला आजार बोटांनी चाचपून, अंदाजाने ओळखावा लागे. बोझिनींना ते पुरेसे वाटेना. त्यांनी पत्र्याचा, चामड्याने मढवलेला एक दिवा बनवला. त्यात मेणबत्ती, आरसा आणि वेगवेगळ्या अवयवांसाठी वेगवेगळ्या नळ्या. उजेड नळीतून आत जाई आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूने डोळा लावून पाही.

व्हिएन्नात त्याची तपासणी झाली. लष्करी वैद्यकीय अकादमीचे मत चांगले पडले, पण विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने तो निकामी ठरवला. मला तरी यात दोन संस्थांमधली चुरसच जास्त दिसते. 1809 मध्ये टायफसच्या (आपला टायफॉईड नव्हे) रुग्णांवर उपचार करताना बोझिनींनाच तो ताप जडला. वयाच्या 35 व्या वर्षी ते गेले. मागे पत्नी आणि तीन मुले राहिली.

त्यानंतर साठ वर्षांनी, 1869 मध्ये, पँटालिओनी नावाच्या डॉक्टरांनी अशीच, पण सुधारलेली नळी साठीच्या एका बाईच्या गर्भाशयात घातली. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. आत पॉलिप दिसला, म्हणजे अस्तरातून वाढलेला मांसल कोंब. तक्रार तुमच्यासारखीच होती.

आजची दुर्बीण साधारण 3 ते 5 मिलिमीटर जाड असते. सलाइन सोडून गर्भाशय थोडे फुगवतात. बहुतेकींना भूल लागत नाही. काही मिनिटे पाळीसारखी कळ येते. जास्त दुखले तर लगेच सांगा, तपासणी थांबवता येते. त्याच दिवशी घरी जाता येते. नुसत्या क्युरेटिंगमध्ये पॉलिप निसटू शकतो. दुर्बिणीने संशयाची जागा नेमकी पाहून तुकडा घेता येतो.

बहुतेक वेळा कारण साधेच निघते, पण गर्भाशयाचा कॅन्सरही याच तक्रारीने सुरू होतो. त्यामुळे डाग एकदाच लागला असला तरी दाखवा. जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.