बेंटलीसाहेब आणि बिघडलेली इंजिनं

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन फुटलं तर त्याची किंमत किती? भंगारवाला काट्यावर टाकून सांगेल. गॅरेजवाला रिबोअरिंग आणि स्पेअर पार्टचा हिशोब मांडेल. मला मात्र या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडलं. गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येकाला त्यांचं आडनाव ठाऊक आहे, पण माणूस फारसा कुणाला माहीत नाही. ते म्हणजे वॉल्टर ओवेन बेंटली. सगळे त्यांना डब्ल्यू. ओ. म्हणत.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ चा, लंडनचा. नऊ भावंडांत शेंडेफळ! सोळाव्या वर्षी ते डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले. पाच वर्षं भट्ट्या, लेथ आणि बॉयलर यांच्यातच गेली. वाफेच्या इंजिनावर उभं राहून कोळसाही त्यांनी ओढला. पुढे लंडनमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्याची देखभाल त्यांच्याकडे आली. दिवसभर रस्त्यावर मार खाल्लेली इंजिनं रोज समोर येत. आपण ज्याला मेंटेनन्स म्हणून नाकं मुरडतो, तेच त्यांचं खरं कॉलेज ठरलं, असं मला वाटतं.

१९१२ मध्ये भावाबरोबर त्यांनी डीएफपी या फ्रेंच गाड्यांची एजन्सी घेतली. वर्षभराने फ्रान्सच्या कारखान्यात गेले असताना टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन त्यांना दिसला. त्या काळी पिस्टन ओतीव लोखंडाचे किंवा पोलादाचे असत. ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये वितळेल, अशी भीती होती. पण ते हलकं असतं आणि लोखंडापेक्षा उष्णता खूप लवकर बाहेर नेतं. बेंटलींनी ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं असा मिश्रधातू वापरून पिस्टन बनवले. त्याच छोट्या गाडीने मग ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर वेगाचे विक्रम केले.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हे ज्ञान जीवन-मरणाचं ठरलं. ब्रिटिश लढाऊ विमानांत क्लर्जे नावाचं रोटरी इंजिन असे. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर आणि सिलिंडर पंख्यासकट गरागरा फिरत. वाऱ्याकडची बाजू थंड, मागची तापलेली. त्यामुळे सिलिंडर वाकडे होत, आणि इंजिन हवेतच सीझ होई. खाली शत्रूचा मुलूख! नौदलाच्या हवाई दलातले बेंटली फ्रान्समधल्या तळांवर गेले, वैमानिकांशी बोलले, बिघडलेली इंजिनं त्यांनी स्वतः पाहिली. मग ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि आत लोखंडी लायनर असलेलं नवं इंजिन काढलं. बीआर-१ नावाचं हे १५० हॉर्सपॉवरचं इंजिन सॉपविथ कॅमल विमानात बसलं. जुन्यापेक्षा ते भरवशाचं तर होतंच, शिवाय स्वस्तही पडलं.

१९१९ हे वर्ष मोठं विचित्र. फ्लूच्या साथीत त्यांची पत्नी लिओनी गेली. त्याच वर्षी बेंटली मोटर्स उभी राहिली, आणि तीन लिटरचं पहिलं इंजिन लंडनच्या एका बोळातल्या शेडमध्ये सुरू झालं. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग. हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात! म्हणजे हेड गास्केट उडायची भानगडच नाही. अर्थात व्हॉल्व्ह घासायचे तर अख्खा ब्लॉक उचलायचा. चासिसला पाच वर्षांची गॅरंटी होती, आणि त्या काळात ती देणं म्हणजे धाडसच.

ल मान्सची २४ तासांची शर्यत बेंटलीने १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली. १९२७ ची गोष्ट तर ऐकाच. रात्री व्हाइट हाऊस वळणावर संघाच्या तिन्ही गाड्या एकाच अपघातात सापडल्या. दोन संपल्या. तिसरी वाकलेला पुढचा ॲक्सल आणि फुटलेला दिवा घेऊन पुन्हा निघाली. डेव्हिस आणि डॉ. बेंजाफिल्ड यांनी तीच जिंकून दाखवली! नंतर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या मेजवानीत ती मोडकी गाडी पाहुणी म्हणून हजर होती.

पुढे संघातल्या टिम बर्किन यांनी साडेचार लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर लावायचा हट्ट धरला. बेंटलींना ते पटलं नव्हतं. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, कोंबाकोंबी नको, असं त्यांचं मत. पण पैसा दुसऱ्यांचा, त्यामुळे त्यांचं चाललं नाही. १९३० च्या ल मान्सला सुपरचार्जरवाल्या गाड्या मधेच बसल्या आणि त्यांची साधी सहा सिलिंडरची स्पीड सिक्स जिंकली.

तरीही १९३१ मध्ये मंदीत कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली. आपलंच नाव आपल्या गाडीला लावायचा हक्क गेला. माझ्या मते यापेक्षा मोठं ब्रेकडाऊन नाही. पण हा माणूस १९३५ मध्ये लॅगोंडा कंपनीत जाऊन पुन्हा ड्रॉइंग बोर्डाशी बसला. तिथे त्यांच्या देखरेखीखाली घडलेलं सहा सिलिंडरचं इंजिन पुढे ॲस्टन मार्टिन डीबी-२ मध्ये गेलं. १३ ऑगस्ट १९७१ रोजी ते वारले.

आता पहिल्या प्रश्नाकडे. आज जुन्या बेंटलीचं इंजिन फुटलं तर आधी नंबर पाहतात. मूळ चासिसबरोबरचं मूळ इंजिन असेल, तर तडा गेलेल्या ब्लॉकलाही मोल असतं. मग तडा कुठे आहे ते बघतात. बाहेरच्या वॉटर जॅकेटला असेल तर भोकं पाडून पिना बसवत तो थंडच शिवता येतो, कारण घाईने वेल्डिंग केलं तर ओतीव लोखंड आणखी तडकतं. व्हॉल्व्ह सीटजवळ असेल तर काम कठीण. हेड वेगळं नाहीच ना! तिसरी गोष्ट म्हणजे फुटलं का, ते शोधणं. बेंटलींच्या हिशोबात हीच किंमत सर्वांत मोठी होती.

तेव्हा वर्कशॉपमधला मोडका पिस्टन भंगारात टाकण्याआधी जरा हातात घ्या. क्राऊन जळालाय की स्कर्ट घासलाय, ते पाहा. जळाला असेल तर ज्वलनात काहीतरी चुकलंय, घासला असेल तर ऑइल किंवा कूलिंगमध्ये. व्हायवात कुणी विचारो न विचारो, उत्तर त्या पिस्टनवर लिहिलेलं असतं.