तिकीट, कर्ज आणि गांधर्व महाविद्यालय

हिवाळा जवळ आला की विद्यापीठांच्या संगीत विभागांची आगामी मैफलींची पत्रके हाती येऊ लागतात. पत्रकाच्या तळाशी प्रवेशमूल्य छापलेले असते, अथवा प्रवेश सर्वांस खुला असल्याचे कळविलेले असते. या एका ओळीसाठी एका माणसाने आपले सर्वस्व पणाला लावले होते, याचे स्मरण या निमित्ताने व्हावयास हवे.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाची वाट खुंटली. मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांची संगीताची तालीम झाली. राजाश्रय होता, पण गवयाला समाजात मान नव्हता. गुरूच्या वाट्यास येणारी उपेक्षा त्यांस सहन झाली नाही, असे सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढील भ्रमंतीत, सौराष्ट्रात, त्यांनी अल्प तिकीट लावून सामान्यजनांसाठी जाहीर मैफल केली. दरबार व देवालय यांपलीकडे गवयाने क्वचितच पाऊल टाकावे, अशा त्या काळी ही घटना साधी नव्हती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एका आश्रयदात्याच्या मर्जीऐवजी अनेकांच्या पैशावर कलेने उभे राहण्याचा तो प्रयोग होता.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वतःची स्वरलेखनपद्धती आणि स्त्रियांसही मुक्तद्वार, असा तेथील परिपाठ होता. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांनी नऊ वर्षे राहण्याचा करार करावयाचा व संस्थेने त्यांचा चरितार्थ चालवावयाचा, अशी योजना होती. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले आणि पुढे कर्ज काढून सँडहर्स्ट रोडवर इमारतही उभी राहिली.

येथेच हिशेब चुकला. विद्यार्थ्यांचे अन्नवस्त्र आणि कर्जाचे व्याज हे खर्च नियमित होते, तर मिळकत मुख्यतः बुवांच्या मैफली आणि देणग्या यांवर, म्हणजे अंती एका माणसाच्या गळ्यावर, अवलंबून होती. गळा थकतो, देणगीदार विसरतो, व्याज मात्र थांबत नाही. १९२४ मध्ये देण्यापायी इमारतीचा लिलाव झाला. बुवा नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला.

ताळेबंद एवढ्यावरच मिटविला, तर हे आयुष्य दिवाळखोरीचे ठरेल. परंतु ज्यांच्या पोटापाण्यासाठी ऋण वाढले, ते विद्यार्थी कोणत्याही लिलावात निघणारे नव्हते. बी. आर. देवधरांनी मुंबईत संगीतशाळा काढली. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर १९५० मध्ये काशी हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. विद्यापीठात संगीताला जी खोली मिळाली, तिच्या पायात त्या गेलेल्या इमारतीचे दगड आहेत.

आज विद्यापीठांचे अनुदान आखडते घेताना, संगीत विभागांनी मैफली करून आपला खर्च आपणच भागवावा, असा सल्ला दिला जातो. तो व्यवहारी वाटतो, परंतु बुवांसारखा लोकप्रिय गायक आणि अथक संघटक असतानाही ते गणित सुटले नव्हते. मैफलीने मैफलीचा खर्च काढावा, हे रास्त होय. शिक्षकाचे वेतन, तंबोऱ्यांची डागडुजी आणि गरीब विद्यार्थ्याचे जेवण यांचा भार मात्र स्थायी निधीनेच उचलला पाहिजे. एका शिष्याचा गळा घडविण्यास १९०१ मध्ये जेवढे तास लागत, तेवढेच आजही लागतात; यंत्राने ते कमी होत नाहीत.

श्रोत्यांचेही एक कर्तव्य आहे. जाणता श्रोता घडविणे हाही बुवांच्या खटाटोपाचा एक हेतू होता. तेव्हा यंदा असे पत्रक हाती आले, तर निदान रिकामी खुर्ची भरावी. लाहोरपासून चालत आलेल्या त्या ऋणाचा आपल्या वाट्याचा तेवढा हप्ता तरी फिटेल.