ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

पांढुर्णा व सौंसरकडील संत्र्यांच्या बागांवर हिवाळ्याचे निरभ्र आकाश पसरले, की विद्यार्थी आम्हांस विचारतात : आकाशात इतके गोल फिरतात, ते एकमेकांवर आदळत कसे नाहीत? ग्रहांच्या मार्गांचे गणित करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका शाळामास्तरांची ओळख म्हणून आज करून देतो.

केतकरांचा जन्म 1854 साली नरगुंद येथे झाला. 1874 साली ते शिक्षक झाले व पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक. चरितार्थ शाळेवर चाले. व्यासंग मात्र ज्योतिषाचा. जुन्या पंचांगांतील ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नसे. ती जुळावी म्हणून पाश्चात्त्यांची नवी माने घेऊन त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

1911 साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे भाकीत केले. गुरूच्या चंद्रांच्या भ्रमणकाळांत लाप्लासने जे प्रमाण दाखविले होते, त्याच धर्तीचे हे गणित होते. पहिल्या ग्रहास त्यांनी ब्रह्मा म्हटले. त्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे 39 पट व फेरा 242 वर्षांचा. 18 फेब्रुवारी 1930 रोजी अमेरिकेत टॉम्बो यांस प्लूटो सापडला. त्याचे अंतर 39.5 पट, फेरा 248 वर्षांचा! त्याच वर्षी केतकर निवर्तले.

तथापि प्लूटोचा शोध केतकरांच्या गणितावरून लागला नव्हता, आणि विष्णू हा त्यांचा दुसरा ग्रह अद्याप सापडलेला नाही. हे सांगितल्याने त्यांची थोरवी उणी होत नाही. आपले गणित जगापुढे परीक्षेस ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो. 1979 ते 1999 या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी टक्कर होत नाही. कारण त्याची कक्षा सुमारे 17 अंश कललेली आहे, आणि नेपच्यूनचे तीन फेरे होतात तेव्हा प्लूटोचे दोन. म्हणजे केतकरांनी ज्यावर भरवसा ठेवला, ते भ्रमणकाळांचे प्रमाणच येथे रक्षण करते. प्लूटो 2006 पासून बटुग्रह गणला जातो.

विद्यार्थी मित्रहो, सर्वच गोल असे बांधलेले नाहीत. 1898 साली सापडलेला इरॉस हा लघुग्रह मंगळाची कक्षा ओलांडून पृथ्वीच्या बाजूस येतो. काही लघुग्रह पृथ्वीचीही कक्षा ओलांडतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच एका आघाताची खूण होय. म्हणून आकाशाचा हिशेब सतत, आणि चोख, ठेवावा लागतो. केतकर मास्तरांनी तो जन्मभर ठेवला.